मेजरची पावलं

"टिपनिस, ये मेजर है. इसको अपना बच्चा समझना," असं म्हणून भसीनसाहेबांनी कुत्र्याची साखळी सूर्यकांत टिपणिसांच्या हातात दिली, तेव्हा मेजरने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून बच्चा कोण आणि बाप कोण, हे दोघांपैकी निदान एकाला तरी लगेच कळलं.

मेजर हा चाळीस किलो वजनाचा लॅब्रॅडॉर. भसीनसाहेब जॉइंट सेक्रेटरी आणि टिपणीस त्यांच्या हाताखाली सेक्शन ऑफिसर. साहेब मॅडमना घेऊन तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी जिनिव्हाला निघाले होते आणि टिपणिसांची पुण्याला बदलीची फाइल साहेबांच्या टेबलावर चार वर्षं बसून होती. "लौट के देखते हैं," असं साहेब जाताजाता म्हणाले. एवढ्या एका वाक्यावर साहेबांनी हत्ती दिला असता, तरी टिपणिसांनी तो सोंडेला धरून लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये नेला असता.

कारण बदलीचा प्रश्न एकट्या टिपणिसांचा नव्हता. त्यांची मुलगी नीला लग्न होऊन पुण्याला होती, तिला सहा महिन्यांचं बाळ होतं आणि टिपणिसांच्या पत्नी सुनंदाबाईंनी नातवाला बारशाचे दोन दिवस सोडले तर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. तो हसला की त्या फोनला हात लावायच्या आणि फोन बंद पडायचा. पुण्याच्या आशेवर त्यांनी एक खोकं भरूनही ठेवलं होतं. त्यात नवे पडदे होते. ते दिल्लीच्या धुळीत लावायचे नाहीत, पुण्यातच लावायचे, असं ठरलं होतं.

"डॉक्टर ने कहा है, सुबह-शाम मिला के चार किलोमीटर," साहेबांनी बजावलं. "चलेगा नहीं तो मोटा होगा, फिर घुटने जाएँगे. और चलेगा नहीं तो तुम्हारा घर भी खा जाएगा." साहेब हसले, म्हणून टिपणीसही हसले. हा विनोद नव्हता, ते पुढे कळायचं होतं.

मेजरच्या गळ्यातल्या पट्ट्याला काडेपेटीएवढी काळी डबी होती. मेजर किती पावलं चालला आणि कुठे चालला, ते साहेबांना जिनिव्हात बसून मोबाइलवर दिसणार होतं. टिपणीस तसे चालण्याच्या विरुद्ध नव्हते. लोकांनी जरूर चालावं, असंच त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि मोज्यांवर चपला अशा थाटात ते मेजरला घेऊन निघाले. जानेवारीचं धुकं पडलं होतं. मेजर प्रत्येक खांब फाइल वाचावी तसा सावकाश वाचायचा. आधी वास घ्यायचा, मग विचार करायचा, शेवटी तंगडी वर करून शेरा मारायचा आणि पुढच्या खांबाकडे वळायचा. चार खांबांना अर्धा तास लागला. पाचव्या खांबामागून मांजर निघालं. मेजर निघाला आणि साखळी मनगटाला गुंडाळलेली असल्यामुळे टिपणीसही निघाले. मांजर भाजीच्या हातगाडीखालून गेलं, मेजरही खालून गेला. टिपणिसांना खालून जाणं जमलं नाही.

फुलकोबीच्या ढिगातून उठून ते लंगडत घरी आले. गुडघा सुजला होता. संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"टिपनिस, ग्यारह सौ कदम? बस?"

"सर, आज ज़रा कोहरा था."

"मेजर को कोहरे से क्या? मैडम बहुत परेशान हैं. कल देखना."

साहेब परेशान झाले तर एक वेळ चालेल, पण मॅडम परेशान झाल्या म्हणजे पुणं गेलं, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. टिपणीस गुडघ्याला हळद-तेल लावत सुन्न बसले. सुनंदाबाईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. पट्टा हलला की पावलं मोजली जात होती.

"अहो, पावलंच मोजायचीत ना त्यांना? मग पंख्याला बांधा."

"जानेवारीत पंखा?"

"पुण्याला जायचंय की नाही तुम्हाला?"

पंखा सुरू झाला. खाली टिपणीस पती-पत्नी रजया पांघरून, कानटोप्या घालून दात वाजवत बसले आणि मेजर मान वर करून स्वतःच्या पट्ट्याला गरगर फिरताना पाहत बसला. त्याने दोनदा भुंकून तो परत मागितला. "या घरात कुत्र्यापेक्षा त्याचा पट्टा जास्त फिरतोय," सुनंदाबाई म्हणाल्या.

"चौंतीस हज़ार!" साहेब फोनवर ओरडले. "और मैप पे एक ही जगह? ये क्या चक्कर है?"

"चक्कर ही है सर. छत पर गोल गोल घुमाया."

"अरे भाई, उसको चक्कर आ जाएगा! सीधा चलाओ, बिल्कुल सीधा!"

म्हणजे आता सरळ चालणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते नेमकं खालच्या मजल्यावर राहत होतं. मारुतराव जगदाळे हे साताऱ्याकडचे गडी. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आता ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. पाऊस असो, थंडी असो, रोज पहाटे पाच वाजता नेहरू पार्कपर्यंत पळत जायचे, आत चार फेऱ्या मारायचे आणि पळत परत यायचे. टिपणिसांनी त्यांना चहाला बोलावून साखळी पुढे केली.

"नाव काय म्हणायचं ह्याचं?"

"मेजर."

मारुतरावांच्या टाचा आपोआप जुळल्या. कप खाली ठेवून ते ताठ उभे राहिले.

"साहेब, हवालदारानं मेजरला साखळीनं वडायचं? वीस वर्सं नोकरी केली, त्ये जमायचं न्हाई. त्यात त्यो दर खांबाला थांबनार, माझा दम मोडनार." मग त्यांची नजर पट्ट्याकडे गेली. "असं करा, ह्यो पट्टाच द्या. मेजरसाहेबांच्या नावानं मी पळतो."

दुसऱ्या पहाटेपासून पट्टा मारुतरावांच्या दंडाला बसला. पहिल्याच दिवशी सोळा हजार पावलं झाली. साहेब खूश, मॅडम खूश. तिसऱ्या दिवशी तर साहेबांनी सांगितलं, की मेजरचे आकडे ते ट्रेनिंगमधल्या लोकांना दाखवतात आणि लोक तोंडात बोटं घालतात. "कल अठारह हो जाए?" अशी त्यांची फर्माइश आली. मारुतरावांनी अठराची साडेअठरा करून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी परदेशात बसून त्यांचं पळणं मोजत होतं, त्यामुळे त्यांनाही चेव चढला होता.

इकडे ज्याच्या नावावर ही पावलं पडत होती, तो जिना उतरून पहिल्या झाडापर्यंत जायचा आणि परत यायचा. बाकी दिवस मेजर दोन खोल्यांत बसून होता. चालायचं जे बळ पायात साचलं, ते त्याने दातांत आणलं. आधी त्याने टिपणिसांचा ऑफिसचा डावा बूट खाल्ला, मग टीव्हीचा रिमोट, मग लादी पुसायचा पोछा. दहाव्या दिवशी सुनंदाबाई बाजारातून आल्या, तर पुण्याचं खोकं फाटलेलं होतं आणि मेजर नव्या पडद्यांच्या चिंध्यांत लोळत होता. सुनंदाबाई खोक्याशेजारी बसल्या आणि त्यांना एकदम रडूच आलं. मेजरने जवळ येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याच्या मिशीला पडद्याची झालर लटकत होती, त्यामुळे त्यांना धड रडताही येईना.

असं करता करता चौदा जानेवारी उजाडली. संक्रांतीचा दिवस. टिपणीस एक डावा जुना आणि एक उजवा नवा असे बूट घालून ऑफिसात तिळगूळ वाटत होते. बाराच्या सुमारास फोन वाजला.

"टिपनिस! मेजर पानीपत में क्या कर रहा है?"

टिपणिसांच्या हातातला डबा कलंडला. दरवर्षी या दिवशी कॉलनीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबला जात, युद्धात पडलेल्या वीरांना वंदन करायला. यंदाही बस सकाळी गेली होती. बसमध्ये मारुतराव होते, मारुतरावांच्या अंगात कोट होता, कोटात दोन स्वेटर होते आणि स्वेटरच्या आत, दंडावर, बसच्या घाईत पहाटे अर्धंच पळून झाल्यावर काढायचा विसरलेला मेजरचा पट्टा होता.

"सर... आज हम मराठी लोगों का श्रद्धांजलि का दिन है. मेजर को भी... दर्शन के लिए..."

फोनवर साहेबांचा आवाज भरून आला. "टिपनिस, तुम उसको इतना अपना मानते हो? वाह! और सुनो, मैडम का भाई पम्मी तो वहीं पानीपत में है, कंबल का शोरूम है उसका. चार बजे आएगा मिलने. वीडियो कॉल करेगा, मैडम को मेजर देखना है."

फोन बंद झाला. पट्टा पानिपतात, कुत्रा लक्ष्मीबाई नगरात आणि मधे नव्वद किलोमीटर. टिपणिसांनी मारुतरावांना फोन लावला. तो बंद होता. कार्यक्रमाच्या वेळी मोबाइल बंद ठेवावा, ही सूचना त्या सबंध बसमध्ये एकटे मारुतरावच पाळत.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून टिपणीस घरी धावले. तीन टॅक्सीवाल्यांनी कुत्रा म्हटल्यावर नकार दिला. चौथा हरियाणाचा होता. त्याने मेजरला पाहिलं आणि तो विरघळला.

"कुत्ता आगे बैठेगा, शीशा खोल के. हवा खाएगा. आप पीछे बैठ जाओ."

मेजर पुढच्या सीटवर बसून, मान बाहेर काढून, कान फडफडवत पानिपतला निघाला. उघड्या काचेतून येणारी सगळी जानेवारी मागे टिपणिसांच्या अंगावर जमा होत होती. रस्ताभर ते एकच हिशेब करत होते, की चारच्या आत पट्टा कुत्र्याच्या गळ्यात पडला तर पुणं, नाही तर निवृत्तीपर्यंत हीच थंडी.

पावणेचारला काला अंब आलं. फेटे बांधलेली माणसं, भगवे झेंडे, माइकवर वक्ते. मारुतराव तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. टिपणिसांनी त्यांना बाजूला ओढलं.

"मारुतराव, आधी दंड दाखवा!"

"हितं? माणसांत?"

"दाखवा म्हणतो ना!"

मारुतरावांनी कोट काढला, एक स्वेटर काढला, दुसरा काढताना तो फेट्यात अडकला. आजूबाजूचे लोक भाषण सोडून इकडे पाहू लागले. शेवटी पट्टा निघाला. टिपणिसांनी गुडघे टेकून तो मेजरच्या गळ्यात अडकवला, साखळी लावली आणि सुटकेचा श्वास टाकला. मेजरनेही श्वास घेतला. बारा दिवस दोन खोल्यांत काढलेल्या त्या जिवाला समोर मोकळं मैदान दिसलं. साखळी याही वेळी मनगटाला गुंडाळलेलीच होती.

"...आणि तरीही," वक्ते मूठ वळून गरजले, "आपली माणसं मागे हटली नाहीत!"

त्याच क्षणी मंचासमोरून मेजर आणि त्यामागे हात पुढे ताणलेले टिपणीस डावीकडून उजवीकडे गेले. मागे हटणं त्यांच्या हातातच नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या फेरीला लोकांनी घोषणा दिल्या. तिसऱ्या फेरीला टिपणिसांचा उजवा नवा बूट निघाला आणि एका आजोबांनी तो आदराने उचलून ठेवला. "खांब! कुठंतरी खांब बघा रे!" टिपणीस ओरडत होते, पण घोषणांमध्ये ते कुणाला ऐकू गेलं नाही. मारुतराव बाजूने पळत होते. "मेजरसाब, थम्!" एवढीच विनंती ते करू शकत होते, कारण हुकूम द्यायचा त्यांना अधिकार नव्हता.

मेजर अखेर स्वतःहून थांबला, एका जाडजूड गृहस्थाच्या पायाशी. त्याच्या एका हातात कंबल होतं आणि दुसऱ्या हातात मोबाइल. तो पम्मी होता आणि त्याने पहिल्या फेरीपासून सगळं जिनिव्हाला दाखवलं होतं.

"जीजाजी, देखा? कुत्ता तो कुत्ता, बंदा भी क्या दौड़ता है!"

"मेरा मेजर! कितना खुश है!" मॅडम पडद्यावर रडत होत्या. टिपणीस धापा टाकत होते. पम्मीने कंबल त्यांच्याच अंगावर घातलं, तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले.

परतीच्या वाटेवर मेजर मागच्या सीटवर आला आणि टिपणिसांच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपला. बारा दिवसांत हे जनावर इतकं शांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. टिपणिसांना स्वतःची लाज वाटली. पट्टा पळत होता, आकडे पळत होते, पण ज्याला खरोखर पळायचं होतं तो बिचारा पंख्याखाली बसून होता. सगळं अंग ठणकत असूनही त्यांनी दिल्ली येईपर्यंत मांडी हलवली नाही. घरी पोचल्यावर साहेबांचा मेसेज आला, "आज सिर्फ़ नौ हज़ार? मेजर की तबीयत ठीक है ना?"

त्या दिवसानंतर टिपणीस मेजरला खरोखर फिरवू लागले. रोज सकाळ-संध्याकाळ, खांबागणिक थांबत. साखळी मनगटाला गुंडाळायची नाही, हे ते शिकले. आठवड्यात गुडघ्याची कुरकुर कमी झाली, मेजरने घरातलं काही खाणं सोडून दिलं आणि सुनंदाबाईंनी उरलेल्या चिंध्यांची त्याला गोधडी शिवून दिली.

साहेब परतले. त्यांनी टिपणिसांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. टिपणिसांना वाटलं, आता सही.

साहेबांनी कोटाची बाही वर सरकवली. मनगटावर काळा पट्टा होता, डबीसकट.

"मैडम ने पहना दिया. कहती है, कुत्ता अठारह हज़ार चलता है, तुम अठारह सौ तो चलो." मग ते टेबलावर वाकले. "टिपनिस, मेजर को मैं सात साल से जानता हूँ. वो खंभा छोड़ के नहीं जाता. तुम्हारे मैप पे सुबह पाँच बजे, नेहरू पार्क तक, एक भी खंभा नहीं था."

टिपणिसांनी लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"डरो मत. मैडम को नहीं बताया. बस, जिसको वो पहनाया था, उसी को ये भी पहना दो."

"सर, वो मेरी पुणे वाली फाइल..."

"पुणे? अब? यार, तुम चले गए तो मैं चलूँगा कैसे?"

टिपणीस घरी आले आणि खोक्यापाशी बसले. आपल्याच हुशारीने आपलं पुणं खाल्लं होतं, पडद्यांसकट. त्यांनी मारुतरावांपुढे साहेबांचा पट्टा ठेवला, तर त्यांनी साफ मान हलवली. "मेजरसाठी पळलो, त्यो हुद्द्याचा मान. सिव्हिलियनच्या नावानं मी पळनार न्हाई."

आता उरले टिपणीस. मेजरला त्यांची सवय लागली होती, म्हणून मॅडमनीच त्यांना गळ घातली होती, की सकाळी बंगल्यावर येऊन त्याला फिरवून आणा. मग साहेबांचा पट्टाही टिपणिसांच्याच मनगटावर चढला. सहा वाजता ते मेजरला घेऊन निघत. पाच मिनिटांनी साहेब ट्रॅकसूट घालून, मॅडमना हात हलवून, "मैं अलग से जाता हूँ, मेजर के साथ स्पीड नहीं बनती," म्हणत बाहेर पडत. कोपऱ्यावर पट्टा टिपणिसांकडे देत आणि मागच्या गल्लीत हलवायाच्या बाकावर बसून कचोरी खात.

हे बारा दिवस सुरळीत चाललं. तेराव्या दिवशी टिपणीस मेजरला परत आणतात, तर मॅडम व्हरांड्यात मोबाइल घेऊन बसलेल्या. मागून साहेब ओठ पुसत आले. पट्टा त्यांनी नुकताच परत मनगटावर चढवला होता.

"सुनो जी," मॅडम म्हणाल्या. "आज मैंने दोनों मैप साथ में खोले. चौथे खंभे पे मेजर चार मिनट रुका. तुम भी चौथे खंभे पे चार मिनट रुके. पाँचवें पे मेजर रुका, तुम भी रुके. मेजर का तो समझ में आता है. तुम वहाँ क्या कर रहे थे?"

साहेबांनी टिपणिसांकडे पाहिलं. टिपणिसांनी मेजरकडे पाहिलं. मेजर फाटकाबाहेरच्या खांबाकडे पाहत होता.

"कंपनी," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मेजर को कंपनी दे रहा था."

"अच्छा! तुम रोज़ साथ ही होते हो?" मॅडमचा चेहरा फुलला. "तो फिर बेचारे टिपनिस जी को क्यों तकलीफ़ देते हो? कल से तुम ही ले जाना."

त्या दुपारी चार वर्षं न हललेली फाइल सहीनिशी खाली आली. "तत्काल कार्यमुक्त करें," असा शेरा होता आणि 'तत्काल'खाली दोन रेघा होत्या. सुनंदाबाईंनी नीलाला फोन केला, पण पलीकडून बाळाचा आवाज आला आणि त्यांनी फोन टिपणिसांच्या हातात दिला. टिपणिसांनीच बातमी सांगितली.

निघायच्या दिवशी सकाळी टिपणीस मेजरचा निरोप घ्यायला गेले. धुकं ओसरलं होतं. चौथ्या खांबापाशी साहेब साखळी धरून, नाकाला मफलर लावून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे होते. मेजर खांबाचा वास घेत विचार करत होता. टिपणिसांना पाहताच त्याने धाव घेतली आणि त्यांचा चेहरा चाटून काढला. टिपणिसांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचे कान खाजवले, त्याला मिठी मारली. मग मेजर शिस्तीत परत खांबाकडे गेला.

"टिपनिस, ये एक-एक खंभे पे इतनी देर क्यों लगाता है?" साहेबांनी वैतागून विचारलं.

बदली हातात होती, तिकीट खिशात होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच टिपणीस साहेबांशी सरळ बोलले.

"सर, मेरी फाइल आपकी टेबल पे चार साल रुकी थी. ये तो चार मिनट में निकाल देता है."

मेजरने तंगडी वर केली, शेरा मारला आणि साहेबांना पुढच्या खांबाकडे घेऊन गेला.